रिमोट प्रोजेक्टमध्ये प्रीप्रोसेसर सिम्बॉल जुळत नाहीत? या क्रमाने तपासा

लक्षणं

प्रीप्रोसेसर सिम्बॉल म्हणजे कंपाइल होण्याआधी कोडचा कोणता भाग ठेवायचा ते ठरवणारं नाव. यांतलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

• #इफडेफच्या आतला कोड एडिटरमध्ये फिकट दिसतो, पण सर्व्हरवर बिल्ड केलं की तोच कोड चालतो. किंवा उलट: एडिटरमध्ये सगळं ठळक, आणि बायनरीत त्या कोडचा मागमूस नाही.
• एडिटरमध्ये लाल नागमोडी रेघांची रांग लागली आहे, पण बिल्ड एकाही चुकीशिवाय पूर्ण होतं.
• सेटिंगमध्ये नवा सिम्बॉल लिहिला, सेव्ह केला, खिडकी बंद करून पुन्हा उघडली. काही फरक नाही.
• टर्मिनलमध्ये बसून केलेलं बिल्ड चालतं, तेच एसएसएचच्या एका ओळीने किंवा रात्रीच्या स्क्रिप्टने केलं की पडतं.
• सिम्बॉल बदलून मेक चालवलं तर ते म्हणतं, करण्यासारखं काही नाही.
• आकड्यात दशांशचिन्हं फार झाली, अशी विचित्र तक्रार जीसीसी करतं.
• लिंक करताना ‘सीएक्सएक्स११’ हे अक्षरगट असलेले अनडिफाइन्ड रेफरन्स येतात.
• बिल्ड होतं, लिंक होतं, पण चालवल्यावर एखाद्या स्ट्रक्टमधल्या व्हॅल्यू एक घर सरकल्यासारख्या दिसतात.

शेवटची दोन लक्षणं असतील तर मधलं सोडून थेट शेवटच्या दोन भागांकडे जा. ती गंभीर आहेत.

एडिटर लॅपटॉपवर आणि कोड-कंपायलर दूरच्या लिनक्स सर्व्हरवर, अशा पद्धतीने मी बरीच वर्षं सी++ वर काम करते आहे. पुण्याच्या आमच्या ऑफिसात नवीन कोणी रुजू झालं की पहिल्या पंधरा दिवसांत हीच तक्रार घेऊन माझ्या टेबलापाशी येतं, आणि दर वेळी मी याच क्रमाने तपासत जाते. उदाहरणं व्हीएस कोड (एडिटर), सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) आणि जीसीसी (कंपायलर) यांची आहेत, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. कमांड आणि सिम्बॉल मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना नेहमीचं रोमन स्पेलिंग वापरा. लहान-मोठ्या अक्षराने जिथे अर्थ बदलतो तिथे मी तसं नोंदवलं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रिमोट कामात एकाच फाइलीला दोन वाचक असतात. एक वाचक म्हणजे बिल्ड करणारा खरा कंपायलर. दुसरा म्हणजे एडिटरच्या आतलं इंजिन, जे फक्त रंग, सूचना आणि लाल रेघा दाखवण्यासाठी कोड वाचतं. दोघांकडे सिम्बॉलची आपापली यादी असते. ती यादी जुळवून घेणारं आपोआप कोणी नसतं. म्हणून ‘सिम्बॉल लागत नाही’ या तक्रारीला माझा पहिला प्रश्न असतो: कोणाला लागत नाही?

१. #एरर टाका

संशयित फांदीच्या आत #एरर लिहा, पुढे ‘इथे आलो’ असा काहीतरी मजकूर टाका, आणि सर्व्हरवर ती एकच फाइल बिल्ड करा. बिल्ड तिथे अडलं तर कंपायलर तो भाग वाचतो आहे, म्हणजे सिम्बॉल त्याच्याकडे आहे आणि चूक एडिटरच्या यादीत आहे. बिल्ड न अडता पुढे गेलं तर बिल्डची बाजू तपासायची. फाइल पुन्हा कंपाइलच झाली नाही असं दिसलं, तर ती बदलली आहे हे बिल्डला कळलेलंच नाही. पाचव्या आणि सहाव्या तपासणीकडे चला.

प्रिंटएफ टाकून हे करू नका. प्रिंटएफची ओळ दिसायला प्रोग्राम चालावा लागतो, त्या रस्त्याने जावा लागतो, आणि जुनी बायनरी चालवली तर उत्तरच चुकीचं मिळतं. #एररला यांतलं काहीच लागत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि फुकट आहे.

हे आधी का? कारण लोक चुकीच्या बाजूची दुरुस्ती करत बसतात. आमच्याकडचा एक मुलगा दोन दिवस एडिटरच्या सेटिंगमध्ये सिम्बॉल घालत-काढत होता. ‘ताई, कोड ठळक दिसायला लागला, पण फीचर अजून चालत नाही,’ म्हणाला. एडिटरच्या यादीत लिहिलेलं कंपायलरपर्यंत कधीच पोचत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एडिटरमधली डिफाइनची जागा फक्त दिसण्यापुरती असते. सगळ्या गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

२. स्पेलिंग, आणि #इफ की #इफडेफ

प्रीप्रोसेसर न ओळखलेल्या नावाबद्दल तक्रार करत नाही. #इफच्या पुढे माहीत नसलेलं नाव आलं की तो त्याची किंमत शून्य धरतो आणि गुपचूप पुढे जातो. एक अंडरस्कोअर कमी पडला तरी हाच परिणाम. जीसीसीला -डब्ल्यूअंडेफ हा पर्याय द्या (डब्ल्यू मोठा, पुढची अक्षरं लहान). मग अशा प्रत्येक नावाबद्दल तो इशारा देईल.

दुसरी नेहमीची चूक: बिल्डमध्ये लॉगिंगचा सिम्बॉल शून्य ठेवला आहे आणि कोडमध्ये #इफडेफने विचारलं आहे. #इफडेफ फक्त नाव आहे की नाही एवढंच बघतं. शून्य किंमतीचं नावही नावच, त्यामुळे बंद केलेलं लॉगिंग चालूच राहतं. कमांडच्या ओळीवर -डी (मोठा डी) सिम्बॉल लावतो आणि -यू तो काढतो. -डी नंतर नुसतं नाव लिहिलं तर किंमत १ होते. कोडमध्ये #डिफाइन करून किंमत रिकामी सोडली तर #इफ एरर देऊन थांबतं. आणि एकाच नावासाठी ओळीवर -डी आणि -यू दोन्ही असतील तर जे नंतर आलं ते लागू होतं. लांबलचक बिल्ड ओळीत कुठेतरी शेवटी -यू दडलेला मी पाहिला आहे.

३. तुम्ही नक्की कोणत्या मशीनवर आहात

व्हीएस कोडच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे एसएसएच आणि सर्व्हरचं नाव दिसायला हवं. ते नसेल तर तुम्ही लॅपटॉपवरची प्रत उघडून बसला आहात, आणि एडिटरचं इंजिन विंडोज किंवा मॅकचे सिम्बॉल लावतं आहे. __लिनक्स__ (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर) तिथे नसणारच, आणि त्यावर अवलंबून असलेला सगळा कोड फिकट दिसणार.

कोपऱ्यात सर्व्हरचं नाव आहे, तरीही गोंधळ आहे? मग एक्स्टेन्शनची यादी उघडा. सी/सी++ चं एक्स्टेन्शन लॅपटॉपवर असून भागत नाही, ते सर्व्हरच्या बाजूला वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. यादीत त्याच्यासमोर ‘एसएसएचमध्ये इन्स्टॉल करा’ असं बटण दिसत असेल तर ते अजून झालेलं नाही.

सर्व्हर फार जुना असेल तर इथेच वाट संपते. २०२५ च्या मार्च महिन्याची १.९९ आवृत्ती आल्यापासून व्हीएस कोडच्या रिमोट सर्व्हरला ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा त्यापुढची लागते. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे. जोडणीच होत नसेल तर सिम्बॉलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याबद्दल शेवटच्या भागात लिहिलं आहे.

याच पायरीवर कंपायलरला त्याची स्वतःची यादी मागा. सर्व्हरच्या टर्मिनलमध्ये:

जी++ -डीएम -ई -एक्स सी++ /डेव्ह/नल

यात डी लहान, एम मोठा, ई मोठी, एक्स लहान. तुम्ही काहीही न सांगता कंपायलर जे सिम्बॉल स्वतःहून मानतो ते सगळे, काहीशे ओळी, स्क्रीनवर येतात. मी ही यादी ग्रेपने चाळते आणि तीन-चार गोष्टी बघते. __सीप्लसप्लस ची किंमत काय? सेंटओएस ७ बरोबर येणारा जीसीसी ४.८.५ तुम्ही मानक सांगितलं नाहीत तर १९९७११ देतो, म्हणजे सी++९८. जीसीसी ६ पासून २०१४०२ आणि जीसीसी ११ पासून २०१७०३. लाँग किती बाइटचा? ६४-बिट लिनक्सवर ८, विंडोजवर ४. सर्व्हर एआरएमचा आहे का? एआरएम लिनक्सवर साधा ‘चार’ (अक्षर साठवणारा टाइप) अनसाइन्ड असतो आणि __चार_अनसाइन्ड__ हा सिम्बॉल यादीत दिसतो. इंटेलवर तो नसतो. लॅपटॉप आणि सर्व्हर यांत असा फरक असेल तर एडिटरला लॅपटॉपवरचा कंपायलर दाखवून कधीच बरोबर चित्र मिळणार नाही.

जाता जाता: जीसीसी त्याच्या जीएनयू पद्धतीत, अंडरस्कोअर नसलेलं नुसतं ‘लिनक्स’ हे नावही १ म्हणून डिफाइन करतो. मॅक्रोतून जाणाऱ्या पाथमध्ये लिनक्स नावाचं फोल्डर असेल तर त्या जागी १ येऊन बसतो आणि फाइल सापडत नाही. कडक मानक दिलं, म्हणजे जीएनयू++१७ च्या जागी सी++१७, की हा प्रकार थांबतो.

४. एडिटरला सिम्बॉल कोण पुरवतं

हा भाग जरा सावकाश वाचा.

व्हीएस कोडच्या सी++ एक्स्टेन्शनला सिम्बॉल मिळण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली: प्रोजेक्टच्या .व्हीएसकोड फोल्डरमधली सी_सीपीपी_प्रॉपर्टीज ही जेसन फाइल, तिच्यात हाताने लिहिलेली ‘डिफाइन्स’ची यादी. दुसरी: कंपाइल_कमांड्स नावाची जेसन फाइल, जिच्यात प्रत्येक सोर्स फाइल नेमकी कोणत्या ओळीने कंपाइल झाली ते लिहिलेलं असतं. तिसरी: कॉन्फिगरेशन प्रोव्हायडर, म्हणजे सीमेक टूल्ससारखं दुसरं एक्स्टेन्शन.

प्रोव्हायडर लावलेला असेल आणि तो एखाद्या फाइलीची माहिती देत असेल, तर हाताने लिहिलेली यादी त्या फाइलीसाठी बाजूला पडते. ‘सेटिंगमध्ये लिहिलं, पण फरक पडला नाही’ या तक्रारीचं कारण दहातल्या बहुतेक वेळा हेच असतं. दोन्ही एकत्र हवे असतील तर मर्जकॉन्फिगरेशन्स हे सेटिंग चालू करता येतं. पण मी ते सुचवत नाही. हाताने घातलेला सिम्बॉल बिल्डमध्ये नसतो, आणि मग एडिटर तुम्हाला असा कोड ठळक दाखवत राहतो जो कधी कंपाइलच होत नाही.

योग्य वाट म्हणजे सिम्बॉल सीमेकच्या फाइलीत, टार्गेटच्या नावासकट, टार्गेट_कंपाइल_डेफिनिशन्स ने लिहायचा. मग तो बिल्डलाही मिळतो आणि तिथूनच एडिटरलाही. सीमेकला सीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स चालू करून कॉन्फिगर करा. बिल्ड फोल्डरमध्ये ती जेसन फाइल तयार होते. मेकफाइल आणि निन्जा या दोन जनरेटरांबरोबरच हे चालतं. प्रोजेक्ट साध्या मेकचा असेल तर बेअर नावाचं छोटं साधन मेकवर नजर ठेवून तशीच फाइल बनवतं. त्याआधी मेक क्लीन करायला विसरू नका. काहीच कंपाइल झालं नाही तर बेअरला नोंदवायलाही काही नसतं, आणि हाती रिकामी फाइल येते.

फाइल तयार झाली की ती उघडून तुमच्या सोर्स फाइलीची ओळ शोधा आणि डोळ्यांनी -डी बघा. आहे? मग एडिटरचं इंजिन जुनं धरून बसलं आहे; ‘रिसेट इंटेलिसेन्स डेटाबेस’ ही कमांड द्या. नाही? मग सिम्बॉल बिल्डलाच मिळत नाही, एडिटर बिचारा खरं दाखवतो आहे. इंजिनाने नक्की काय धरलं आहे हे पाहायचं असेल तर ‘लॉग डायग्नोस्टिक्स’ ही कमांड त्या फाइलीचे सगळे डिफाइन आणि कंपायलरचा पाथ छापते. प्रश्न विचारायला येणाऱ्याकडे मी आधी हेच मागते.

कंपायलरपाथ हे सेटिंगही बघून घ्या. एक्स्टेन्शन त्या पाथवरच्या कंपायलरला विचारून मूळचे सिम्बॉल घेतं. पाथ रिकामा सोडला तर विचारतच नाही, आणि चुकीचा असेल तर दुसऱ्याच कंपायलरचे सिम्बॉल उचलतं. क्लँगडी (एडिटरसाठीचं दुसरं इंजिन) वापरत असाल तर क्रॉस कंपायलरसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणाऱ्या कंपायलरसाठी, क्वेरी-ड्रायव्हर हा पर्याय द्यावा लागतो. तो दिल्याशिवाय क्लँगडी तुमचा कंपायलर चालवून विचारत नाही.

हेडर फाइलींबद्दल एक अडचण दूर होणारी नाही. हेडर स्वतः कंपाइल होत नाही, त्यामुळे तिला स्वतःचे सिम्बॉल नसतात. ज्या सोर्स फाइलीत ती समाविष्ट आहे तिचे ती उसने घेते. एकच हेडर दोन टार्गेटमध्ये वेगळ्या सिम्बॉलनिशी वापरली असेल, तर एडिटर त्यांतलं एकच रूप दाखवू शकतो. तिथे फिकट कोड दिसला म्हणून काही बिघडलं आहे असं समजू नका.

५. बिल्ड जुनंच आहे का

आता बिल्डची बाजू. साधा मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतो. सोर्स फाइल ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा नवी असेल तरच तो कंपाइल करतो. तुम्ही कमांडच्या ओळीवर -डी बदललात, पण एकाही फाइलीला हात लावला नाहीत, तर मेकच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. मेक -एन -बी (एन लहान, बी मोठा) चालवलं तर प्रत्यक्ष काही न करता सगळ्या ओळी छापून मिळतात, त्यात तुमचा सिम्बॉल दिसतो का बघा. दिसत असेल तर मेक क्लीन करून पुन्हा बिल्ड करा. सीमेकने बनवलेल्या मेकफाइली आणि निन्जा मात्र पर्याय बदलल्याची दखल घेतात, तिथे हा त्रास सहसा होत नाही.

सीमेकचा त्रास वेगळा आहे. सीएक्सएक्सफ्लॅग्ज हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तो फक्त पहिल्यांदा कॉन्फिगर करताना वाचतो आणि कॅशमध्ये ठेवतो. नंतर तुम्ही कितीही एक्स्पोर्ट करा, तो ऐकत नाही. सीपीपीफ्लॅग्ज तर तो पहिल्यांदाही वाचत नाही. ऑटोटूल्सच्या (बिल्डच्या जुन्या साधनसंचाच्या) सवयीने आलेली माणसं इथे हमखास अडकतात. सीमेकच्या फाइलीत ऑप्शनची मूळ किंमत बदलली आणि कॅशमध्ये जुनी असेल, तरी जुनीच चालते. सीमेक ३.२४ पासून --फ्रेश हा पर्याय आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर बिल्ड फोल्डर पुसून नव्याने करा.

आणि बिल्ड टाइप बघा. रिलीज आणि रेलविथडेबइन्फो हे दोन्ही प्रकार एनडीबग हा सिम्बॉल स्वतःहून लावतात, आणि तो लागला की सगळे असर्ट (चालताना अटी तपासणाऱ्या ओळी) गायब होतात. ‘असर्ट सर्व्हरवर लागत नाही’ म्हणून आलेल्या बहुतेकांचं काम मी फक्त हा शब्द दाखवून केलं आहे.

६. लॅपटॉपवरून आलेल्या फाइली

जे लोक कोड लॅपटॉपवर ठेवून आरसिंकने सर्व्हरवर पाठवतात त्यांच्यासाठी हा भाग आहे.

ऑटोकॉन्फने बनवलेली कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालताना मशीनची चाचणी घेते आणि निकाल कॉन्फिग.एच मध्ये सिम्बॉलच्या रूपात लिहिते. ही फाइल त्या मशीनपुरती खरी असते. ती आरसिंकबरोबर सर्व्हरवर गेली की सगळं बिघडतं. मॅकवर केक्यू नावाची यंत्रणा आहे असं कॉन्फिग.एच म्हणते, लिनक्सवर ती नाही, आणि सर्व्हरवरचा कंपायलर सिस/इव्हेंट.एच सापडत नाही म्हणून थांबतो. दोन सहकाऱ्यांनी ती हेडर सर्व्हरवर ‘इन्स्टॉल’ कशी करायची हे शोधण्यात अख्खी दुपार घालवलेली मला आठवते. उपाय एका ओळीचा आहे: बिल्ड फोल्डर आणि कॉन्फिग.एच आरसिंकमधून --एक्स्क्लूड करा, आणि कॉन्फिगर सर्व्हरवरच चालवा.

मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरात भेद करत नाही, लिनक्स करतो. ‘कॉन्फिग.एच’ मोठ्या सी ने समाविष्ट केली असेल तर मॅकवर चालते, सर्व्हरवर सापडत नाही, किंवा वाईट म्हणजे त्याच नावाची दुसरीच फाइल सापडते.

घड्याळंही बघा. आरसिंक -ए फाइलीची मूळ वेळ जपतो. सर्व्हरवरची ऑब्जेक्ट फाइल तुमच्या बदललेल्या सोर्सपेक्षा नवी ठरली तर मेक तिला हात लावत नाही. मेकने क्लॉक स्क्यूचा इशारा छापला असेल तर तो वाचून सोडून देऊ नका. बिल्ड अपुरं राहिलं असू शकतं, असं तो स्वतः सांगत असतो.

विंडोजवर लिहिलेल्या, शेलमध्ये सोर्स होणाऱ्या .एन्व्ह फाइलीत ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं. ते व्हेरिएबलच्या किंमतीला चिकटतं. मग मेकफाइलमधली तुलना जुळत नाही आणि -डी लावणारी ओळ कधी चालतच नाही. कॅट -ए (मोठा ए) ने फाइल पाहिली की शेवटी ^एम दिसतं.

७. शेल वेगळं, एन्व्हायर्नमेंट वेगळं

हाताने चालतं, स्क्रिप्टने पडतं, असं असेल तर नव्वद टक्के वेळा मी इथेच थांबते.

तुम्ही एसएसएचने आत जाऊन टर्मिनलमध्ये बसता तेव्हा ते इंटरअॅक्टिव्ह लॉगिन शेल असतं. एसएसएच सर्व्हर आणि पुढे लगेच मेक, अशी एका ओळीची कमांड देता तेव्हा ते तसं नसतं. त्यात प्रोफाइल वाचली जात नाही. उबुंटूच्या .बॅशआरसी मध्ये तर अगदी वर एक तपासणी आहे: शेल इंटरअॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा. तुम्ही फाइलीच्या तळाशी हौसेने लिहिलेले सगळे एक्स्पोर्ट त्या ओळीखाली असतात, म्हणजे ते लागू होतच नाहीत. पाथ वेगळा, म्हणून कंपायलर वेगळा, म्हणून मूळचे सिम्बॉल वेगळे.

पडताळा सोपा आहे. तिसऱ्या तपासणीतली यादी दोन्ही पद्धतींनी फाइलीत घ्या, एकदा टर्मिनलमध्ये बसून आणि एकदा एका ओळीच्या एसएसएचने, आणि दोन्ही फाइली डिफने ताडून पाहा. काहीही फरक आला तर कारण सापडलं. जुन्या रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर डेव्हटूलसेट (नव्या जीसीसीचा जोडसंच) वापरत असाल तर ते चालू करणारी कमांड स्क्रिप्टच्या आत लिहा, स्वतःच्या .बॅशआरसी वर विसंबू नका. मी तर बिल्ड स्क्रिप्टमध्ये कंपायलरचा पूर्ण पाथच लिहिते.

व्हीएस कोडबद्दल एवढंच: सर्व्हरवर चालणारा त्याचा भाग सुरू होताना जे एन्व्हायर्नमेंट घेतो तेच धरून ठेवतो. .बॅशआरसी बदलल्यावर नुसती खिडकी बंद करून भागत नाही. ‘किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट’ ही कमांड देऊन पुन्हा जोडा.

८. अवतरणचिन्हं गळाली

सिम्बॉलची किंमत मजकूर असेल, समजा आवृत्ती १.२.३, तर तिच्याभोवतीची अवतरणचिन्हं कंपायलरपर्यंत पोचली पाहिजेत. लॅपटॉपवरचं शेल एक थर काढतं. एसएसएच सगळे शब्द जोडून एक ओळ करून पाठवतो आणि सर्व्हरवरचं शेल ती पुन्हा उलगडतं, म्हणजे दुसरा थर गेला. मेक मध्ये असेल तर तिसरं शेल. शेवटी कंपायलरला नुसतं १.२.३ दिसतं, आणि एका आकड्यात दोन दशांशचिन्हं कशी, अशी तक्रार तो करतो.

बॅकस्लॅश मोजत बसू नका. मी बसले आहे. आज जुळतं आणि उद्या कोणी स्क्रिप्टला आणखी एका स्क्रिप्टमध्ये गुंडाळलं की मोडतं. मजकुराची किंमत ओळीवरून पाठवूच नका. सीमेकच्या कॉन्फिगर_फाइल ने एक छोटी हेडर तयार करून घ्या आणि आवृत्ती तिच्यात लिहा. -डी फक्त आकडे आणि हो-नाही यांच्यासाठी ठेवा.

९. विस्तारलेला कोड समोर ठेवा

इथपर्यंत येऊन उलगडा झाला नसेल तर वेळ लागणार आहे, आणि सी बऱ्यापैकी येणारं माणूस हवं.

बिल्डची खरी ओळ घ्या (सीमेक --बिल्ड बरोबर --व्हर्बोस दिलं की मिळते), -सी (लहान) काढून तिथे -ई -डीडी घाला (ई मोठी, पहिला डी लहान, दुसरा मोठा). कंपायलर सगळ्या हेडर उलगडून, प्रत्येक #डिफाइन आणि #अनडेफ कोणत्या फाइलीच्या कोणत्या ओळीवर झाला त्यासकट छापतो. तुमच्या सिम्बॉलचं नाव शोधा. बहुतेक वेळा एखादी तिसरीच हेडर तो अनडिफाइन करताना किंवा नव्याने डिफाइन करताना पकडली जाते. चालणाऱ्या प्रोग्रामवर हेच करायचं असेल तर -जी३ लावून बिल्ड करा. जीडीबीत इन्फो मॅक्रो आणि नाव दिलं की तो कुठे डिफाइन झाला ते सांगतो.

क्रमाची एक चूक इथे खूपदा निघते. _जीएनयू_सोर्स सारखे फीचर सिम्बॉल पहिल्या सिस्टिम हेडरच्या आधी डिफाइन व्हायला हवेत. एकही हेडर आधी आली तर नंतर लिहिलेलं वाया जातं, कारण ग्लिबसी आपले निर्णय पहिल्याच हेडरमध्ये घेऊन टाकते. लिनक्सवर जी++ हा सिम्बॉल स्वतःच लावतो, जीसीसीने सी कंपाइल करताना तो लागत नाही. म्हणून तोच कोड सी++ मध्ये चालतो आणि सी मध्ये फंक्शन सापडत नाही.

आता ती दोन गंभीर लक्षणं. स्ट्रक्टच्या आत #इफडेफ असेल, आणि लायब्ररी एका यादीने, प्रोग्राम दुसऱ्या यादीने बिल्ड झाला असेल, तर दोघांच्या लेखी त्या स्ट्रक्टचा आकार वेगळा असतो. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो, लिंकर नावं बघतो, आकार कोणीच बघत नाही. ३२-बिट एआरएमवर _फाइल_ऑफसेट_बिट्स एका बाजूला ६४ असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर ऑफ_टी एकीकडे ८ बाइट आणि दुसरीकडे ४ बाइट होतो, आणि नेमकं हेच घडतं. साइझऑफ दोन्ही बाजूंना छापून बघा. -एफएलटीओ बरोबर -डब्ल्यूओडीआर लावलं तर जीसीसी असे काही प्रसंग लिंक करताना पकडतो.

सीएक्सएक्स११ चे रेफरन्स म्हणजे जीसीसी ५.१ पासून आलेली दुहेरी एबीआय (कंपाइल झालेले भाग एकमेकांशी जुळण्याचे नियम). _जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स११_एबीआय ची किंमत दोन्ही बाजूंना सारखी हवी. सेंटओएस ७ वरच्या डेव्हटूलसेटमध्ये जुनीच एबीआय असते, हा सिम्बॉल १ करून तिथे काही होत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

लायब्ररी तयार बायनरी म्हणून आली असेल आणि आकार किंवा एबीआय जुळत नसेल, तर थांबा. अंदाजाने सिम्बॉल बदलत गेलात तर एक दिवस लिंक होईल, आणि मेमरी चुकीच्या जागी लिहिली जात राहील. ज्यांनी लायब्ररी दिली त्यांच्याकडे बिल्डची ओळ आणि कंपायलरची आवृत्ती मागा, किंवा तुमच्या एबीआयने पुन्हा बिल्ड करून मागा.

सर्व्हर जुना आहे म्हणून ग्लिबसी स्वतः बदलू नका. त्या मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. ती अर्धवट बदलली गेली तर लॉगिनही होत नाही आणि एलएस सुद्धा चालत नाही. सिस्टिमचा मूळ कंपायलर बदलणंही त्यातच आलं. हे सिस्टिम अॅडमिनचं काम आहे. सर्व्हरवर इतर टीम काम करत असतील तर रूटचा पासवर्ड तुमच्याकडे असला तरीही.

गाडीचे ब्रेक, वैद्यकीय उपकरण, वीज नियंत्रण अशा ठिकाणी जाणारं फर्मवेअर असेल तर एकही सिम्बॉल स्वतःच्या अधिकारात बदलू नका. एनडीबगसारखा एक सिम्बॉल गेला किंवा आला तरी चाचणी झालेला कोड तो राहत नाही. बिल्ड आणि सुरक्षा तपासणीची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना आधी दाखवा.

आणि नऊही तपासण्या करून दोन्ही बाजूंचे सिम्बॉल तंतोतंत सारखे निघाले, विस्तारलेला कोडही सारखा निघाला, तर दोष प्रीप्रोसेसरमध्ये नाही. टूलचेन सांभाळणाऱ्या माणसाकडे जा. जाताना बरोबर चार गोष्टी न्या: बिल्डची पूर्ण ओळ, -डीएम ने काढलेल्या दोन्ही याद्या, -ई -डीडी चं आउटपुट, आणि कंपायलरची आवृत्ती. त्या नसतील तर त्यांना पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी लागेल.